काळ्या मातीचा पूर्वदृढीभवन दाब : आलेखाचे वाचन व त्यातील एक गफलत

मातीच्या थराने आजवर सोसलेल्या सर्वाधिक प्रभावी दाबास पूर्वदृढीभवन दाब म्हणतात. पायाचा भार या मर्यादेच्या आत राहिल्यास थराचे खचणे अल्प असते. मर्यादा ओलांडताच ते झपाट्याने वाढते. मुकुंदवाडी (छत्रपती संभाजीनगर) व तत्सम परिसरांतील काळ्या मातीच्या बाबतीत प्रयोगशाळेतून मिळणाऱ्या या आकड्याचा अर्थ कसा लावावा, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

चाचणीची रीत परिचित आहे. साधारणपणे 60 मिलिमीटर व्यासाचा व 20 मिलिमीटर जाडीचा अविक्षुब्ध नमुना कड्यात बसवून त्यावरील भार दर 24 तासांनी दुप्पट करीत जातात. प्रत्येक भाराखालील पोकळी-गुणोत्तर उभ्या अक्षावर व दाबाचा लॉगरिथम आडव्या अक्षावर मांडतात. कासाग्रांदे यांनी 1936 मध्ये सुचविलेल्या रचनेप्रमाणे वक्राच्या सर्वाधिक वक्रतेच्या बिंदूतून एक आडवी रेषा व एक स्पर्शरेषा काढून त्यांमधील कोन दुभागावा. वक्राचा शेवटचा सरळ भाग मागे वाढविला असता तो या दुभाजकास ज्या बिंदूत छेदतो, तेथील दाब हाच इष्ट दाब होय.

आता असे समजू की, 2 मीटर खोलीवरील नमुन्यासाठी हा दाब 150 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर आला. मातीचे एकक वजन 18 किलोन्यूटन प्रति घनमीटर धरल्यास, भूजल या खोलीच्या खाली असताना, वरच्या मातीचा भार केवळ 36 येतो. म्हणजे गुणोत्तर सुमारे 4.2. यावरून पूर्वी येथे आणखी 6.3 मीटर मातीचा थर होता व तो धुऊन गेला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. गफलत नेमकी येथेच होते.

बेसाल्टाच्या विदारणातून झालेली ही माती उन्हाळ्यात सुकते, तेव्हा छिद्रांतील उरलेले पाणी ताणले जाते व केशाकर्षणाने कण एकमेकांकडे ओढले जातात. वरचा भार तिळमात्र न वाढताही प्रभावी दाब वाढतो. आलेखातील वळण हे अशा असंख्य उन्हाळ्यांची नोंद असू शकते. गेलेल्या थराची नव्हे.

दुसरी अडचण फुगण्याची. अल्प भाराखाली नमुना पाण्यात बुडविल्यास तो फुगतो व वळण पुसट होते. फुगलेला नमुना मूळ पोकळी-गुणोत्तरावर आणण्यास लागणारा दाब हा फुगवटा-दाब होय. त्यास पूर्वदृढीभवन दाब समजू नये. म्हणून पाणी देताना भार वाढवीत घनफळ स्थिर राखावे, आणि मग सरळ भाग स्पष्ट दिसेपर्यंत, आवश्यक तर 1600 किलोन्यूटन प्रति चौरस मीटरपर्यंत, चाचणी न्यावी.

तात्पर्य, हा दाब खचण्याची मर्यादा सांगतो; उचलले जाण्याविषयी तो मौन पाळतो. हलक्या एकमजली घराचा भार 150 च्या कितीतरी आत असूनही पावसाळ्यात त्याच्या भिंतींना तडे जातात, ते याच कारणाने. अशा भूमीवर दोन्ही दाब स्वतंत्रपणे मोजल्यावाचून पायाचा निर्णय करू नये.