संगणकाला ‘माया’ कळते का?

शिंप्याच्या दुकानात ‘माया’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. कापड बेतताना शिवणीसाठी कडेला जो जादा भाग ठेवतात, ती माया. ती ठेवली नाही तर सदरा अंगात जात नाही. गोधडीचेही तसेच आहे. म्हणून गोधडीचा नमुना संगणकावर काढायचा झाला, तर कोणती आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, निवडावी हे ठरवताना पहिला प्रश्न विचारायचा तो मायेचाच.

अमेरिकेत कापडाचे भौमितिक आकाराचे तुकडे एकमेकांना जोडून पांघरूण शिवण्याची मोठी परंपरा आहे. त्या पांघरुणाला क्विल्ट म्हणतात. पूर्वी हे नमुने आलेख-कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढीत. १९९१ साली ओहायो राज्यातील बोलिंग ग्रीन या गावातून ‘इलेक्ट्रिक क्विल्ट’ नावाची आज्ञावली बाहेर पडली. ती सुरू करणाऱ्या दोघांपैकी डीन न्यूमन हे गणिताचे प्राध्यापक, तर पेनी मॅक्मॉरिस या क्विल्टच्या अभ्यासक. गोधडी आणि गणित यांची सोयरीक काही विचित्र नाही. कशी ते पाहा.

बारा इंची चौरस घ्या आणि त्याचे तीन-तीन इंचांचे १६ घर करा. प्रत्येक घरात कर्णावर जोडलेले दोन त्रिकोण आहेत, एक गडद, एक फिका. असे घर चार प्रकारे फिरवून ठेवता येते. मग सोळा घरांचे नमुने किती? ४ चा १६ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६! सेकंदाला एक याप्रमाणे पाहत बसलात तर सुमारे १३६ वर्षे लागतील. पेन्सिलीने दहा-वीस नमुने काढले की हात दुखतो. संगणक मात्र घर फिरवून, रंग बदलून क्षणात नवा नमुना दाखवतो. एवढे काम जवळपास कोणतीही चित्रे काढणारी आज्ञावली करील. खरी परीक्षा पुढे आहे.

पडद्यावरच्या त्रिकोणाला शिवण नसते, कापडाच्या त्रिकोणाला असते. क्विल्टमध्ये माया साधारणपणे पाव इंच ठेवतात. साधा तीन इंची चौरस हवा असेल तर दोन्ही बाजूंची माया धरून साडेतीन इंचांचा कापायचा, हे सोपे. पण तीन इंची घरातील त्रिकोणासाठी केवढा चौरस कर्णावर कापावा? तुम्ही म्हणाल, साडेतीनच. येथेच घोटाळा होतो, कारण कर्णालाही माया लागते.

त्रिकोणाचा पाया आडवा धरा. काटकोनाच्या टोकाशी पाव इंच वाढला. दुसऱ्या टोकाशी कर्ण पाव इंच बाहेर सरकला, की पायाच्या दिशेने तो पाव गुणिले २ चे वर्गमूळ, म्हणजे ०.३५४ इंच पुढे जातो. शिवाय पायाची रेषाही पाव इंच खाली उतरलेली असल्यामुळे आणखी पाव इंच वाढतो. एकूण वाढ ०.८५४ इंच. शिवणाऱ्या बायका ती ७/८ इंच, म्हणजे ०.८७५ धरतात आणि केसभर जादा कापड नंतर छाटून टाकतात. तेव्हा चौरस कापायचा ३ ७/८ इंचांचा. साडेतीनचाच कापलात तर प्रत्येक घर ०.३५४ इंचाने लहान होईल आणि चार घरांची ओळ बाराऐवजी साधारण १०.६ इंच भरेल. शेजारी साधे चौरस असतील तर ते जुळणारच नाहीत, आणि एव्हाना कापड कापून झालेले असते.

म्हणून आज्ञावली पारखायची ती अशी. तीन इंची घरात कर्ण काढा आणि ‘या त्रिकोणासाठी कापड किती मापाचे कापू?’ असे तिला विचारा. ३ ७/८ हे उत्तर आले तर तिला माया कळते. इलेक्ट्रिक क्विल्टसारख्या खास आज्ञावल्या ही मापे देतात, एकूण कापड किती लागेल त्याचा अंदाजही देतात. पण त्या विकत घ्याव्या लागतात. इंकस्केप ही २००३ पासूनची आज्ञावली फुकट मिळते. ती रेषा अचूक मापाने काढते, मात्र रेषा कापडाची आहे हे तिला ठाऊक नसते; मायेचा हिशेब तुम्हीच करायचा. शाळेतील मुलांना मी तरी आधी हीच सुचवीन, कारण वर्गमूळ चुकवता येत नाही! ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र रंगवणाऱ्या आज्ञावल्या रंगसंगती पाहायला ठीक, मापाला नव्हेत. जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने शिवून केलेल्या आपल्याकडच्या साध्या गोधडीला यांपैकी कशाचीच गरज नाही, हेही सांगायला हवे.

आणखी एक खबरदारी. आकार कागदावर छापून घेताना छपाईयंत्र कधी कधी चित्र पानात बसवण्यासाठी आपणहून आकसवते. शंभराऐवजी ९६ टक्के छापले गेले तर तीन इंचांचे २.८८ इंच होतात. नमुन्याच्या कोपऱ्यात एक इंचाचा चौरस काढून ठेवा आणि छापून झाल्यावर त्यावर पट्टी लावून पाहा. तो बरोबर भरला, की जुन्या वर्तमानपत्राचे दोन त्रिकोण कापा, पाव इंचावर दोरा घाला आणि उलगडून मोजा. तीन इंची घराभोवती सगळीकडे पाव इंच माया उरली असेल, तर खुशाल कापडाला कात्री लावा.