महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा मासिक खर्च : घरून किती पैसे मागावेत?

प्रवेशाच्या दिवसांत पालक एकमेकांना हमखास विचारतात, "मुलाला महिन्याला किती पाठवता?" उत्तरात एक आकडा मिळतो, पण त्याचा फारसा उपयोग होत नाही. एका घरचे तीन हजार मेस धरून असतात, तर दुसऱ्या घरचे मेस वगळून. म्हणून आकड्याआधी आपण वेगळा प्रश्न घेऊ : या पैशातून नेमके काय भागवायचे आहे?

विद्यार्थ्याचा खर्च तीन प्रकारचा असतो. खोलीभाडे, मेस आणि बसचा पास हा स्थिर खर्च. चहा-नाश्ता, साबण-तेल, रिचार्ज, सिनेमा हा बदलता खर्च. तिसरा प्रकार प्रासंगिक खर्चाचा : परीक्षा अर्ज, प्रकल्पाची छपाई, डॉक्टर, गावी जायचे तिकीट. वर्गात यादी करायला सांगितली की जवळजवळ सगळे आधी रिचार्ज लिहितात, साबण क्वचितच कोणी लिहितो आणि तिसरा प्रकार तर कोणालाच आठवत नाही. महिन्याचा हिशेब मात्र बहुधा त्यानेच मोडतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू केली. सुरुवातीच्या रचनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले : भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाह भत्ता ८,०००. शैक्षणिक साहित्यासाठी वैद्यकीय व अभियांत्रिकीला ५,००० आणि इतर अभ्यासक्रमांना २,००० रुपये वेगळे. ही रक्कम पुरेशी आहे का, यावर वाद होऊ शकतो. पण मांडणी शिकण्यासारखी आहे. अर्ध्याहून अधिक पैसा जेवणासाठी आहे. निर्वाह भत्ता दहा महिन्यांवर वाटला तर महिन्याला ८०० रुपये, म्हणजे दिवसाला २७ च्या आसपास. आपण ज्याला 'पॉकेटमनी' म्हणतो तो भाग एवढाच. उत्पन्न जितके कमी, तितका त्यातला अन्नावरच्या खर्चाचा वाटा मोठा, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडले होते. घराबाहेर राहणारा विद्यार्थी हे अशाच कमी उत्पन्नाचे एक छोटे कुटुंब असते.

आता पैसे कमी पडले तर काय होते ते पाहा. घरमालक भाड्यात सूट देत नाही. मित्रांसोबतच्या वाढदिवसाची वर्गणी नाकारायला संकोच वाटतो. मग कात्री लागते ती जेवणाला. मेसचा एक वेळचा डबा बंद होतो, रात्री वडापावावर भागते आणि फोनवर आईला "जेवलो" असे सांगितले जाते. ही काटकसर नव्हे. माझ्या मते मेसचे पैसे या हिशेबातून वेगळेच काढावेत आणि शक्य असेल तर घरून थेट मेसचालकाला पाठवावेत. त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या रकमेत मात्र काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे तुम्हीच ठरवा. तिथे आई-वडिलांनी रुपया-रुपयाचा जाब विचारू नये.

घरचे उत्पन्न कसे येते यालाही महत्त्व आहे. नोकरदार घरात पगार महिन्याला येतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी घरात सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि कापसाचे त्यानंतर येतात. जून ते सप्टेंबरमध्ये बी-बियाणे, खते आणि तुमचे शुल्क हे सगळे एकदम अंगावर येते. अशा घराकडून दर महिन्याला ठरावीक रक्कम मागणे म्हणजे त्याला उसनवारीला लावणे. माल विकला की काही महिन्यांची रक्कम एकत्र घ्यावी, वेगळ्या बचत खात्यात ठेवावी आणि ज्या खात्याला यूपीआय जोडलेले आहे त्यात दरमहा ठरलेलीच रक्कम वळवावी. घरी मागे शिकणारी बहीण असेल, तर तिच्या शुल्काचा आकडाही हिशेबाच्या त्याच कागदावर हवा. मुलाला शहरात सढळ हाताने आणि मुलीला जवळच्या कॉलेजात जेमतेम, अशी वाटणी अनेक घरांत न बोलताच होऊन जाते.

पहिल्या वर्षी ठरलेला आकडा पदवी होईपर्यंत तसाच ठेवणे ही आणखी एक चूक. महागाई दरवर्षी ६ टक्के धरली, तर पहिल्या वर्षी ३,००० रुपयांत जे भागत होते, त्याला तिसऱ्या वर्षी सुमारे ३,३७० रुपये लागतात. यात चैन काहीच वाढलेली नसते. तेव्हा दर जूनमध्ये मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी घेऊन घरी बसावे, नोंदी असल्या की "एवढे कशाला लागतात?" या प्रश्नावर भांडण होत नाही.

एवढे करूनही घरून जमणारी रक्कम आणि लागणारी रक्कम यांत तूट राहील, तर ती किती आहे हे तरी नेमके कळलेले असेल. महिन्याला पाचशेची तूट 'कमवा आणि शिका' योजनेतल्या कामातून भरून निघू शकते. दोन हजारांची असेल तर शिष्यवृत्ती, वसतिगृहातली जागा किंवा गावाजवळचे महाविद्यालय यांचा विचार प्रवेशाआधीच करावा लागतो, कारण एकदा खोली घेऊन अनामत भरली की मागे फिरणे महाग पडते.