‘मला नाही जमणार’

आठवीचा वर्ग. सरांनी फळ्यावर गणित लिहिलं आणि विचारलं, “कोण सोडवतंय?” पुढच्या बाकांवरचे नेहमीचे चार हात वर गेले. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं वही हळूच मिटली. तिचं उत्तर चुकलं नव्हतं; तिनं गणित हातीच घेतलं नव्हतं. विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, “सर, मला नाही जमणार.”

पेण-रोह्याच्या शाळांतच नव्हे, कुठल्याही शाळेत रोज ऐकू येणारं हे वाक्य. आपण त्याला चटकन ‘न्यूनगंड’ असं नाव देऊन मोकळे होतो. पण हा गंड येतो कुठून? आणि तो जातो कसा?

न्यूनभाव आणि न्यूनगंड

व्हिएन्नाचे मानसतज्ज्ञ आल्फ्रेड अॅडलर (१८७०-१९३७) यांनी या विषयाचा पाया घातला. लहानपणी ते स्वतः फार आजारी असत. त्यांचं म्हणणं असं, की ‘मी कमी आहे’ ही भावना प्रत्येक मुलात असतेच. मोठ्यांच्या जगात मूल लहान आणि दुबळं असतं. त्या जाणिवेतूनच ते चालायला, बोलायला, शिकायला धडपडतं. म्हणजे न्यूनभाव हा रोग नव्हे. तो धडपडीला पुढं ढकलण्याऐवजी धडपडच थांबवतो, तेव्हा त्याचा गंड होतो.

आपल्या भागात या गंडाला आणखी एक दार असतं, ते भाषेचं. घरी आगरी बोलणारं मूल वर्गात ‘पानी’ म्हणतं आणि सगळे हसतात. वाडीवरून येणाऱ्या कातकरी मुलाचंही तेच होतं. दोन-चार वेळा असं झालं, की मूल तोंड उघडणंच बंद करतं. मग गणितातली शंकाही मनातच राहते. दोष बुद्धीचा नसतो. पण मूल तो बुद्धीचाच समजून बसतं.

आत्मविश्वासाचे चार झरे

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँडुरा (१९२५-२०२१) यांचा जन्म कॅनडातल्या मुंडारे या छोट्या गावचा. गावात शाळा एकच, आणि तिथे शिक्षकांची वानवा. १९७७ साली त्यांनी ‘स्वक्षमतेवरील विश्वास’ ही कल्पना मांडली. ‘मी चांगला आहे’ असं मोघम वाटणं वेगळं आणि ‘हे काम मला जमेल’ असं वाटणं वेगळं. हा दुसरा विश्वास चार झऱ्यांतून येतो.

पहिला आणि सर्वांत मोठा झरा म्हणजे स्वतः केलेलं काम. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात हे उघड दिसतं. नवशिक्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी डोळ्यांच्या आखणीचा कुंचला कोणी देत नाही. आधी माती मळणं, मग साच्यातून निघालेली मूर्ती घासून साफ करणं, मग साधं रंगकाम. आखणी सरावलेल्या हाताची. प्रत्येक पायरीवर ‘हे मला येतं’ याचा पुरावा समोर उभा असतो.

बँडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ साली हेच वजाबाकीत तपासलं. गणितात फार मागे असलेल्या मुलांना सात बैठकांत ४२ पानं सोडवायची होती. काहींना सांगितलं, ‘दर बैठकीला सहा पानं करा’. काहींना, ‘शेवटपर्यंत बेचाळीस पुरी करा’. काम तेच, पण सहा-सहा पानांचं लक्ष्य असलेली मुलं वजाबाकीत पुढं गेली आणि त्यांचा स्वतःवरचा विश्वासही अधिक वाढला.

दुसरा झरा म्हणजे आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेलं पाहणं. रोह्याशी घराण्याचं नातं असलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. विनोबांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. ही नावं अभिमानाची खरी. पण मागच्या बाकावरच्या मुलीला ती फार दूरची वाटतात. शंक आणि हॅन्सन यांच्या १९८५ सालच्या प्रयोगात, वजाबाकीत अडखळणाऱ्या मुलांना शिक्षकाला पाहून जेवढा धीर आला, त्याहून अधिक धीर आपल्याच वयाच्या मुलाला शिकताना पाहून आला. कारण साधं आहे: ‘त्याला जमलं, मग मला का नाही?’

तिसरा झरा शब्दांचा. ‘तुला येईल’ हे वाक्य मोलाचं. पण लगेच अपयश आलं तर ते पोकळ ठरतं. म्हणून नुसतं ‘शाब्बास, हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘तिसऱ्या पायरीवर चूक तुझी तूच शोधलीस’ हे सांगणं अधिक टिकतं.

चौथा झरा शरीराच्या खुणांचा. फळ्याशी जाताना छाती धडधडते, तळहात ओले होतात. मूल समजतं, ‘मी घाबरट आहे’. खरं तर शरीर कामाची तयारी करत असतं. हे विज्ञानाच्या तासाला एकदा समजावून द्यावं.

वर्गात काय करावं?

गणित पायऱ्यांत तोडावं आणि पहिली पायरी अशी द्यावी, की ती प्रत्येकाला सुटेल. नुकतंच शिकलेल्या मुलाला शेजाऱ्याला समजवायला बसवावं. बोलीला हसू देऊ नये. आधी विचार ऐकावा, प्रमाण रूप नंतर सांगावं. आणि मूल्यमापन करताना मुलाची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करावी.

अर्थात आत्मविश्वास म्हणजे जादू नव्हे. उपाशीपोटी आलेल्या, पुस्तक नसलेल्या मुलाला ‘विश्वास ठेव’ म्हणणं ही चेष्टाच होय. तिथे आधी अडचण दूर व्हायला हवी. मूल दिवसेंदिवस उदास आणि एकटं राहू लागलं, तर पालकांशी बोलून डॉक्टरांचा सल्लाही घ्यावा.

त्या मुलीला सरांनी दुसऱ्या दिवशी अख्खं गणित दिलं नाही. ‘फक्त पहिली ओळ लिही’ एवढंच म्हटलं. ओळ बरोबर आली. दुसरी तिनं न सांगताच लिहिली.