‘आम्ही भरलं ते चुकलं का?’ : कर्जमाफीवरचा राग आणि संशोधनाचा प्रश्न

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे काही जण मला संशोधन प्रस्तावाचे कच्चे मसुदे पाठवतात. यंदा त्यातल्या दोघांचा विषय एकच निघाला, कर्जमाफी. एकाने लिहिलं होतं की माफीमुळे कर्ज फेडण्याची वृत्ती बिघडते, हे त्याला सिद्ध करायचं आहे. दुसरीला करदात्यांवरचा अन्याय मांडायचा होता. दोन्ही मसुद्यांत राग स्पष्ट दिसत होता. रागातून विषय सुचण्यात काहीच गैर नाही, बरेच चांगले विषय तसेच सुचतात. अडचण अशी की रागात तीन-चार वेगवेगळे प्रश्न एकाच वाक्यात बसतात आणि प्रत्येकाला लागणारा पुरावा मात्र वेगळा असतो.

आधी सगळ्यात खरा राग घेऊ. आमच्या काकांनी विविध कार्यकारी सोसायटीचं पीककर्ज कधी थकू दिलं नाही. ३१ मार्चच्या आत भरायचं आणि एप्रिलमध्ये पुन्हा उचलायचं, म्हणजे गावच्या भाषेत ‘नवं-जुनं’ करायचं. त्यासाठी कधी सोनं गहाण टाकलं, कधी पाहुण्यांकडून आठ दिवसांच्या बोलीवर हातउसने घेतले. शेजारच्या बांधावरच्याने भरलं नाही, तो थकबाकीदार झाला आणि माफीच्या यादीत त्याचं नाव आलं. काकांचं आलं नाही. पाऊस दोघांच्या शेतावर सारखाच पडला (किंवा पडला नाही) होता. ‘आम्ही भरलं ते चुकलं का?’ या प्रश्नाला माझ्याकडे आजही गुळगुळीत उत्तर नाही.

योजनांची रचना बघितली की हा राग कुठून येतो ते कळतं. २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात केंद्राने जाहीर केलेल्या योजनेत ३१ मार्च २००७ पर्यंत घेतलेलं, ३१ डिसेंबर २००७ ला थकलेलं आणि घोषणेच्या दिवसापर्यंत न भरलेलं कर्ज पात्र होतं. दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल तर थकलेली सगळी रक्कम माफ. त्यापेक्षा जास्त असेल तर ७५ टक्के भरा, मग २५ टक्के सवलत. जानेवारीत कुणी घरातलं किडूकमिडूक विकून थकबाकी भरली असेल, तर तो बाहेर. महाराष्ट्राने पुढे ही जखम ओळखली. २०१७ च्या योजनेत दीड लाखापर्यंत माफी होती आणि नियमित फेड करणाऱ्यांना कमाल २५ हजार रुपये. २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंत माफी झाली. नियमितवाल्यांना ५० हजारांपर्यंतच्या ‘प्रोत्साहनपर लाभा’चा शासन निर्णय निघायला मात्र २०२२ उजाडलं. रकमांमधला फरक बघा, आणि तारखांमधलाही.

आता संशोधनाकडे येऊ. ‘लाभार्थी आणि बिगर-लाभार्थी यांची तुलना करेन’ असं दोन्ही मसुद्यांत होतं. ही तुलना पहिल्याच मुलाखतीत कोसळते. लाभार्थी म्हणजे कोण, तर थकलेला माणूस. तो आधीच अडचणीत होता किंवा आधीच टाळाटाळ करत होता. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा थकवलं, तर ते माफीमुळे झालं की तो मुळात ज्या परिस्थितीत होता तिच्यामुळे, हे तुम्ही कसं सांगणार?

यातून वाट काढणारा एक अभ्यास आवर्जून वाचा. मार्टिन कांझ यांनी २००८ च्या योजनेवर गुजरातमधल्या कुटुंबांची पाहणी केली आणि २०१६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी दोन हेक्टरची सीमा पकडली. १.९ हेक्टरवाला आणि २.१ हेक्टरवाला यांच्या आयुष्यात फार फरक नसतो, पण एकाला पूर्ण माफी आणि दुसऱ्याला अटी घालून पाव सवलत. सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे यांची तुलना केली की फरक माफीमुळेच पडला असं बऱ्याच विश्वासाने म्हणता येतं. याला रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात. पण एक अट आहे, सीमा ओलांडून उडी मारणं लोकांच्या हातात नको. इथे जमीन बँकेच्या जुन्या नोंदीतली धरली होती आणि थकबाकीची तारीख घोषणेच्या आधीची होती. घोषणा ऐकून कुणी सातबारा फोडून घेतला तरी उपयोग नव्हता.

निष्कर्ष काय? अर्थशास्त्रातला एक जुना तर्क असा की डोक्यावर कर्जाचा डोंगर असेल तर माणूस नवी गुंतवणूक करत नाही, कारण पिकातून जे येईल ते वसुलीतच जाणार. डोंगर हटवला की गुंतवणूक वाढावी. ती वाढली नाही. उलट पूर्ण माफी मिळालेल्यांची गुंतवणूक आणि उत्पादकता घटली आणि अनौपचारिक कर्जावरचं अवलंबन वाढलं. कांझ यांचं स्पष्टीकरण असं की पुढे बँक आपल्याला दारात उभं करणार नाही, ही धास्ती लोकांनी घेतली.

आता इथे थांबून एक गोष्ट नीट बघा, कारण वाचणारे बहुतेक जण हीच विसरतात. कांझ यांच्या तुलनेतले दोन्ही गट थकबाकीदारच आहेत! काका त्या अभ्यासात कुठेच नाहीत. त्यामुळे ‘प्रामाणिकपणे भरणाऱ्यावर काय परिणाम झाला’ या प्रश्नाला या निबंधाचा दाखला देणारा प्रस्ताव जाणकार परीक्षक दोन मिनिटांत परत करेल. अभ्यासाचा आराखडा उत्तम आहे, फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

काकांच्या थोडं जवळ जाणारा अभ्यास झेवियर जिने आणि कांझ यांचा, २०१८ चा. यात जिल्हा हे एकक आहे. कुठल्या जिल्ह्यात माफीचा वाटा मोठा, कुठे लहान, यावरून पुढे कर्जवाटपाचं आणि वसुलीचं काय झालं ते त्यांनी पाहिलं. जिथे माफी जास्त झाली त्या जिल्ह्यांकडून नवं कर्ज दुसरीकडे वळलं. वसुली ढासळली, आणि मुख्य म्हणजे थकबाकी निवडणुकीच्या वेळापत्रकाबरोबर हलायला लागली. निवडणूक जवळ आली की भरणं लांबवायचं. जिल्हा हे एकक असल्यामुळे यात भरणारे आणि न भरणारे दोघेही येतात. कर्ज आटलं तर ते काकांसाठीही आटतं.

यालाच ‘नैतिक जोखीम’ म्हणतात. मराठी शब्दाने फार घोटाळा होतो. त्यात नीतीचा भाग जवळपास नाही. विमा काढलेला माणूस गाडी थोडी बेफिकीरपणे लावतो, एवढाच अर्थ. डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि राजस्थानात नवी सरकारं आली आणि काही दिवसांतच माफी जाहीर झाली. हे पाहिलेला शेतकरी पुढच्या निवडणुकीआधी हात आखडता घेत असेल, तर मी त्याला हिशेबी म्हणेन. ‘वृत्ती बिघडली’ हा शब्दप्रयोग मसुद्यातून काढा. वृत्ती मोजता येत नाही, भरणा मोजता येतो.

शिवाय हा परिणाम सगळ्यांवर सारखा नसतो. मुखर्जी, सुब्रमण्यन आणि तंत्री यांनी दुष्काळाने खरोखर अडचणीत आलेले आणि तसे नसलेले, असे लाभार्थी वेगळे काढले. अडचणीत असलेल्यांची पुढची परतफेड तुलनेने सुधारली. म्हणजे ‘माफीने फायदा होतो का’ हा प्रश्नच अर्धवट आहे, कुणाला माफी दिली यावर बरंच अवलंबून. आणि निवड किती नेमकी होती? कॅगच्या २०१३ च्या अहवालात २००८ च्या योजनेची तपासणी आहे. लाभ मिळालेल्या ८०,२९९ खात्यांपैकी ८.५ टक्के अपात्र निघाली. उलट बाजूने, पात्र असूनही विचारात न घेतलेली खातीही सापडली. अशी सरकारी कागदपत्रं वाचायची सवय लावून घ्या. कंटाळवाणी असतात, पण माहिती तिथेच असते.

करदात्याच्या रागाबद्दल थोडक्यात. ‘माझ्या इन्कम टॅक्समधून’ हे वाक्य राज्याच्या माफीला तंतोतंत लागू होत नाही. राज्याचं स्वतःचं उत्पन्न मुख्यतः जीएसटी, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क असं येतं. प्राप्तिकर येतो तो केंद्रीय करांतल्या वाट्यातून. शेतीउत्पन्नाला प्राप्तिकर नाही हे खरं, पण ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरणारे काका करदातेच आहेत. आणि माफीचा पैसा शेतकऱ्याच्या हातात येत नाही, बँकेच्या खात्यात जातो. बँकेचं बुडीत कर्ज सरकार भरून देतं. हा बँकेलाही दिलासा आहे, हे प्रस्तावात लिहायला हवं. मोठ्या उद्योगांच्या कर्जांशी तुलना करायची तर निर्लेखन आणि माफी एकच समजू नका. निर्लेखनात बँक ताळेबंदातून कर्ज काढते, वसुलीचा हक्क सोडत नाही. प्रत्यक्षात किती वसूल होतं, हा वेगळा आणि चांगला विषय आहे.

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी: १८७५ मध्ये सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात सरकारी तिजोरीला फारसा हात लागला नव्हता. न्यायालयांना जुन्या कर्जाचा हिशेब उकरायची मुभा मिळाली आणि भार आला सावकारावर. दिलासा कुणाच्या खिशातून द्यायचा, हा फरक घेऊन तुलना करता येईल.

आता दोघांना सुचवलेली गोष्ट इथेही सांगतो. महाराष्ट्राच्या २०१९ च्या योजनेत ३० सप्टेंबर २०१९ ला मुद्दल आणि व्याज मिळून थकबाकी दोन लाखांच्या वर असेल, तर खातं सरळ अपात्र होतं. एक लाख नव्व्याण्णव हजारवाला पूर्ण सुटला, दोन लाख एक हजारवाल्याला शून्य. सीमा धारदार आहे आणि घोषणा डिसेंबरची, म्हणजे तारखेनंतरची. कांझ यांच्या पद्धतीला असा मोका क्वचित मिळतो. नियमितवाल्यांसाठी आराखडा अवघड आहे, कारण नियमित राहणं हे माणसाने स्वतः निवडलेलं असतं. पण प्रोत्साहनासाठी २०१७-१८ ते २०१९-२० या तीनपैकी कोणत्याही दोन वर्षी फेड केलेली असणं ही अट होती आणि ती मागाहून ठरली. एकच वर्ष नियमित असलेले आणि दोन वर्षं असलेले यांच्यात, आधीच्या नोंदी हाताशी ठेवून, काहीतरी करता येईल असं मला वाटतं. ‘नवं-जुनं’ करणारे कागदावर नियमित दिसतात, त्यांनी पैसे कुठून आणले हे पाहणीत वेगळं विचारावं लागेल. खातेनिहाय नोंदी जिल्हा मध्यवर्ती बँकेत आणि सोसायटीत मिळतात. त्यासाठी गटसचिवांची गाठ घ्यावी लागेल. मार्चमध्ये जाऊ नका, वसुलीच्या धामधुमीत ते तुम्हाला उभंही करणार नाहीत.