लग्नानंतरही माहेरचं गोत्र लावणारी वाकाटक राणी

आपण यवतमाळकर रिद्धपूरला जातो ते महानुभावांचं तीर्थ म्हणून. पण तिथेच एका राणीचा ताम्रपटही सापडलाय. प्रभावतीगुप्ता! गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची आणि नागकुळातल्या कुबेरनागेची लेक, विदर्भाच्या वाकाटक रुद्रसेन दुसऱ्याची राणी. सोयरीक अर्थातच राजकारणाची.

नवरा लवकर गेला, मुलं लहान. मग युवराज दिवाकरसेनाच्या नावाने कारभार तिनेच पाहिला. तिच्याच दुसऱ्या, पुणे ताम्रपटात या कारभाराचं तेरावं वर्ष नोंदलंय. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. तिथल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली.

मला भारी वाटते ती वेगळीच गोष्ट. सासरचं गोत्र विष्णुवृद्ध, पण ताम्रपटात ही स्वतःला माहेरच्या धारण गोत्राची म्हणवते. वंशावळही आधी माहेरची! तीही पाचव्या शतकात.