संशोधनाची पाककृती कोण लिहून ठेवणार?

मार्च आणि सप्टेंबर हे महिने माणसाच्या जनुकांत दडलेले असतात, असे कोणी सांगितले तर आपण हसू. परंतु संशोधकांच्या तक्त्यांत ते अनेक वर्षे ठाण मांडून बसले होते. काही मानवी जनुकांची संक्षिप्त नावे 'मार्च-१', 'सेप्ट-२' अशी होती. ती 'एक्सेल'मध्ये लिहिली, की सॉफ्टवेअर त्यांना तारीख समजून परस्पर बदलून टाकी. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जनुकांच्या याद्या जोडलेल्या ३,५९७ शोधनिबंधांपैकी ७०४ निबंधांत, म्हणजे जवळजवळ दर पाचांतील एकात, अशा चुका आढळल्या. अखेर २०२० पर्यंत जनुकांना नावे देणाऱ्या समितीने ही नावेच बदलून टाकली. आपोआप होणारा हा बदल बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली, ती २०२३ मध्ये. तोवर शास्त्रालाच यंत्रापुढे मान तुकवावी लागली होती.

हा विषय केवळ गमतीचा नाही. कर्करोगाच्या कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल, हे जनुकांवरून ठरवण्याच्या एका पद्धतीवर अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात रुग्णांवर चाचण्या सुरू होत्या. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की या संशोधनाच्या काही याद्यांतील जनुकांची नावे चक्क एका ओळीने सरकली आहेत. चाचण्या २०१० मध्ये थांबल्या. पुढे चौकशीत गैरवर्तनही नोंदवले गेले. परंतु निष्कर्ष कोणकोणत्या पायऱ्यांनी काढला, याची पुरेशी नोंद निबंधांत नव्हती. त्यामुळे या दोघांना गुन्ह्याचा माग काढावा तशी प्रत्येक पायरी मागाहून शोधून काढावी लागली.

आजीला पदार्थाची कृती विचारावी, तर ती 'मीठ चवीपुरते, पाणी अंदाजाने' असे सांगते. शोधनिबंधातील कार्यपद्धतीचे वर्णनही पुष्कळदा याच वळणाचे असते. प्रयोगातून आलेली कच्ची माहिती स्वच्छ करायची, ती संदर्भाशी ताडून पाहायची, मोजणी करायची, आलेख काढायचे. यातील जवळजवळ प्रत्येक पायरीसाठी निराळे सॉफ्टवेअर आणि निराळ्या सूचना. ही संपूर्ण साखळी लिहून ठेवणारी आणि हवी तेव्हा जशीच्या तशी पुन्हा चालवणारी प्रणाली म्हणजे 'वैज्ञानिक कार्यप्रवाह' सॉफ्टवेअर. कल्पना उत्तम आहे. मग सारेच संशोधक ते का वापरत नाहीत? कारण सरळ आहे. जीवशास्त्रज्ञ हा प्रोग्रामर नसतो, आणि ही साधने बहुधा प्रोग्रामर मंडळींनी स्वतःच्या सवयीप्रमाणे घडवलेली असतात.

हे अंतर मिटवण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. मँचेस्टर विद्यापीठातील कॅरोल गोबल यांच्या नेतृत्वाखाली 'टॅव्हर्ना' ही प्रणाली विकसित झाली. पडद्यावर चौकोन मांडायचे, ते बाणांनी जोडायचे, की कार्यप्रवाह तयार! असे प्रवाह इतरांना देता यावेत, म्हणून २००७ मध्ये 'मायएक्सपेरिमेंट' हे संकेतस्थळही सुरू झाले. परंतु २०१२ मध्ये त्यावरील ९२ कार्यप्रवाह पुन्हा चालवून पाहिले, तेव्हा सुमारे ८० टक्के एकतर चाललेच नाहीत किंवा त्यांतून पूर्वीचे निष्कर्ष मिळाले नाहीत. दूरच्या संगणकांवरील ज्या सेवांवर ते विसंबून होते, त्या बदलल्या होत्या किंवा बंद पडल्या होत्या. काहींसोबत नमुन्याची माहिती नव्हती, तर काहींचे वर्णनच अपुरे होते. कृती लिहिलेली होती, पण दुकानात जिन्नस उरला नव्हता. चित्र सुबक असले, म्हणजे साधन वापरण्याजोगे राहतेच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

'गॅलेक्सी' या प्रणालीची वाट थोडी निराळी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील अँटन नेक्रुटेन्को, जेम्स टेलर आणि सहकाऱ्यांनी ती २००५ मध्ये जगापुढे आणली. तिच्यासाठी आपल्या संगणकावर काही बसवावे लागत नाही; साध्या ब्राउझरमधून काम होते. डावीकडे अवजारे, मध्ये काम आणि उजवीकडे 'इतिहास'. कोणती फाईल घेतली, कोणत्या आवृत्तीचे अवजार वापरले, कोणते आकडे भरले, हे सारे आपोआप नोंदले जाते. मुख्य म्हणजे, येथे कार्यप्रवाह आधी आखून ठेवण्याची सक्ती नाही. संशोधकाने चाचपडत, चुकत-माकत काम करावे आणि मनाजोगे उत्तर मिळाल्यावर त्या इतिहासातूनच कार्यप्रवाह काढून घ्यावा. माणूस प्रत्यक्षात जसे काम करतो, त्याला धरून साधन घडवणे म्हणतात ते हेच. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, विषाणूच्या खुल्या माहितीचे विश्लेषण कोणालाही पडताळता येईल अशा रीतीने या प्रणालीवर मांडले गेले.

अर्थात सुलभतेलाही मर्यादा असतात. बटण दाबताच उत्तर येते, तेव्हा आत काय घडले हे न समजताच ते स्वीकारण्याचा मोह होतो. शिवाय हजारो नमुने हाताळणाऱ्यांना माऊसपेक्षा लिखित आज्ञाच सोयीच्या वाटतात. 'स्नेकमेक', 'नेक्स्टफ्लो' यांसारखी साधने अशांसाठीच आहेत. तेथे सुलभता म्हणजे मोजक्या ओळींत स्पष्टपणे लिहिता येणारी आणि दुसऱ्या संगणकावरही तशीच चालणारी कृती. साधने निराळी असली, तरी कसोटी एकच: चूक झाली, तर ती कोठे झाली हे साधन स्पष्ट सांगते का? आणि पाच वर्षांनी दुसऱ्या कोणी तेच काम केले, तर तेच उत्तर मिळेल का?

एक्सेल वापरणारे संशोधक आळशी नव्हते. हाताशी असलेले सर्वांत सोपे साधन त्यांनी उचलले, एवढेच. घाईच्या वेळी माणूस नेहमी सोपी वाटच धरतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. खरी वाट तितकीच सोपी करून देणे, हे साधने घडवणाऱ्यांचे काम आहे. कारण त्या तक्त्यातील एका सरकलेल्या ओळीच्या शेवटी एखादा रुग्ण औषधाची वाट पाहत असू शकतो.