समान नियम आणि खरा न्याय

शाळकरी मुलांनी यंत्रमानव, अर्थात रोबो, तयार करून मैदानात उतरवायचा, अशा स्पर्धा आता अनेक देशांत होतात. अमेरिकेतील ‘फर्स्ट’ ही त्यातील अग्रगण्य संस्था. संशोधक डीन केमन यांनी ती १९८९ साली स्थापन केली व १९९२ मध्ये तिची पहिली स्पर्धा झाली. काही संघांच्या पाठीशी मोठ्या कंपन्या व अनुभवी अभियंते असतात. लहान शाळेला मात्र प्रवेशशुल्काचे काही हजार डॉलर जमविणेही जड जाते. या दोघांना न्याय कसा द्यावा?

सर्वांना एकच नियम, हे सोपे उत्तर. त्यानुसार बांधणीसाठी सुमारे सहा आठवडे मिळत. मुदत संपताच यंत्रमानव बंद करून ठेवावा लागे. हेतू उत्तम होता. परंतु श्रीमंत संघ तसाच दुसरा यंत्रमानव बांधून स्पर्धेपर्यंत सराव करीत; गरीब संघाचा एकुलता एक यंत्रमानव मात्र बंद राही. समान नियमानेच विषमता वाढविली! अखेर २०२० च्या हंगामापासून ही अट रद्द झाली.

संघनिवडीचा नियम अधिक न्याय्य वाटतो. बाद फेरीसाठी आठ आघाड्या तयार होतात. पहिल्या निवडीत अव्वल संघ आधी सोबती निवडतो. दुसऱ्या निवडीत क्रम उलटा, म्हणजे आठवी आघाडी प्रथम निवडते. एकच काम चोख करणारा साधा यंत्रमानवही मग बलाढ्यांना हवासा वाटतो.

२००४ साली फिनिक्स येथील कार्ल हेडन हायस्कूलच्या मुलांनी, प्लास्टिकच्या नळ्या वापरून केलेल्या यंत्रमानवाच्या बळावर, पाण्याखालील यंत्रमानवांच्या एका स्पर्धेत विख्यात एमआयटीच्या संघाला मागे टाकले. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु अशा एका विजयाकडे बोट दाखवून ‘गरिबांनाही संधी आहेच’ असे म्हणणे म्हणजे न्याय नव्हे.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात हेच तत्त्व मजुरीला लावले. मालक व मजूर दोघांनी मान्य केली, एवढ्यानेच मजुरी न्याय्य ठरत नाही. तीत मजुराचा निर्वाह झाला पाहिजे. करार वरवर समान असला, तरी करार करणाऱ्यांचे बळ समान नसते.

आपल्या धर्मग्रामांत विज्ञान, नाट्य वा वक्तृत्व स्पर्धा भरविणाऱ्यांनीही नियम लिहून झाल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते: सर्वांत कमी साधने असलेल्या मुलाला हा नियम हात देतो, की त्याची वाट अडवितो?